त्या मुलांच्या आया कुठे आहेत? आपल्या मंडळीच्या मिशन कमिटीस खुले पत्र

प्रति,
मिशन कमिटी आणि पंच,
आपली मराठी ख्रिस्ती मंडळी

प्रिय बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावे सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेनंतर चहा घेताना मी तरुण संघाच्या युगांडा ट्रिपचा विषय काढला, तेव्हा एका पंचांनी हसत हसत सांगितले, “सिस्टर, देवाच्या कामात मोडता घालू नका.” त्यांचा मला राग नाही. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, आणि चहाचा कप हातात घेऊन बोलायचा हा विषय नव्हताच. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बंद पाकिटात न देता सगळ्यांपुढे ठेवते आहे, कारण जाणारी मुले सगळ्यांची आहेत आणि पैसाही सगळ्यांच्या अर्पणातला आहे.

ठरले आहे ते असे. ज्या अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये आपण दुपारी मराठी उपासना करतो, त्यांच्या जुलैच्या मिशन ट्रिपला यंदा आपल्या तरुण संघालाही बोलावले आहे. बारा मुले, दोन मोठी माणसे, दहा दिवस, युगांडा. जिंजा शहराजवळच्या एका अनाथालयात सकाळी बायबल शाळा, दुपारी खेळ, संध्याकाळी गाणी आणि शेवटचे दोन दिवस जेवणघराची भिंत रंगवायची. माणशी २५०० डॉलर, म्हणजे एकंदर ३५,०००. निधीसाठी मे महिन्यात फूड सेल. समोसे नेहमीप्रमाणे माझ्याकडे, तीनशे.

छापलेल्या पत्रकात अठरा मुलांचे फोटो आहेत. प्रत्येकाचे नाव, वय आणि एक ओळ: हिला नाचायला आवडते, याला पायलट व्हायचे आहे. ते पत्रक मी घरी नेऊन चष्मा लावून दोनदा वाचले. नर्सची सवय; केसपेपर हातात आला की जे लिहिलेले नाही ते आधी शोधायचे. अठरांपैकी एकाच्याही नावापुढे आईचा उल्लेख नाही. आहे असेही नाही, वारली असेही नाही. मी कमिटीला एवढेच विचारले की या मुलांच्या आया कुठे आहेत. कोणाला माहीत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, विचारावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

हॉलच्या दारात जे पोस्टर लावले आहे त्यावर मोठ्या अक्षरांत आहे: जगात १४ कोटी अनाथ. आकडा खोटा नाही. युनिसेफचा आहे, २०१५ सालचा. पण त्या हिशेबात आई किंवा बाप यांपैकी एक जरी गेला तरी मूल अनाथ धरतात. तसे पाहिले तर मीही नवव्या वर्षी अनाथ झाले, कारण वडील वारले. आणि मला कोणी अनाथ म्हटले असते तर आईने त्याला उंबऱ्याबाहेर काढले असते. आई आणि बाप दोघेही नाहीत अशी मुले त्या १४ कोटींत सुमारे दीड कोटी. त्यांतलीही बहुतेक आजीकडे, मावशीकडे, काकांकडे, थोरल्या बहिणीकडे वाढतात. मराठीत पोरका, अनाथ, निराधार, बेवारस असे वेगवेगळे शब्द आहेत आणि गावाकडची कोणतीही बाई त्यांची गल्लत करणार नाही. पोस्टरवर मात्र सगळे एका गोणीत भरले आहेत.

आता घरचे सांगते, म्हणजे मी हे परक्याच्या तोंडाने बोलत नाही हे कळेल.

माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या अनाथाश्रमात आली. तिला तिच्या आईनेच फाटकाशी आणून सोडले होते. बाप पटकीने गेलेला, धाकटा भाऊ भुकेने. आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि जाताना सांगून गेली की पाऊस पडला की न्यायला येईन. ती आली. दोन पावसाळ्यांनंतर आली, पण आली. तोवर मुलीला दुसऱ्या ठाण्यावरच्या बोर्डिंगात हलवले होते आणि तिचे नाव बदलले होते. तिच्या खर्चाचे पैसे पाठवणाऱ्या अमेरिकन बाईंच्या मुलीचे नाव तिला दिले होते. आई जुने नाव घेऊन विचारत राहिली. त्या नावाची मुलगी इथे नाही, असे तिला सांगण्यात आले, आणि ते खरेच होते. पणजीला हे समजले तेव्हा ती स्वतः तीन मुलांची आई झाली होती. पुढे मी ते रजिस्टर पाहिले आहे. आईबाप या रकान्यात एकच शब्द आहे: मयत.

मी कृतघ्न नाही. त्या आश्रमात तिला भाकरी मिळाली, ती लिहायला वाचायला शिकली. तिच्या लेकी शिक्षिका झाल्या. मी मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि चाळीस वर्षे त्याच विद्येवर जेवले. ते फाटक नसते तर मीही नसते. पण तिच्या आईला कोणी कधी काही विचारले नाही, हेही तेवढेच खरे आहे, आणि आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच ताटात वाढल्या जातात. १९०० साली न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या पुढाकाराने वर्गणी गोळा झाली आणि ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मका भरून मुंबईला आला. त्याच साप्ताहिकाने दुष्काळी अनाथांच्या पोषणासाठीही पैसे जमवले. देणारे हात तेच, कळवळाही तोच. मक्याने आई आणि लेक दोघी जगू शकल्या असत्या. अनाथांसाठीच्या वर्गणीने एकटी लेक जगली, आणि आई रजिस्टरात मेली.

तुम्ही म्हणाल, सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तर मग २०१० ची घ्या.

१२ जानेवारीला हैतीत भूकंप झाला. २९ तारखेला मुख्यतः अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचे दहा लोक ३३ मुलांना बसमध्ये बसवून शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या सरहद्दीवर पोचले. सर्वांत लहान मूल दोन महिन्यांचे, मोठी बारा वर्षांपर्यंतची. सरहद्द ओलांडायला लागणारे कागद नव्हते. त्यांनी लेखी आराखडा केला होता: पडलेल्या अनाथालयांतून आणि रस्त्यांवरून शंभर अनाथ गोळा करायचे आणि समुद्रकाठच्या काबारेते गावी भाड्याने घेतलेल्या हॉटेलात ठेवायचे. त्यांना अटक झाली आणि मुले एसओएस बालग्रामात नेली गेली. तिथे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रडून सांगत होती की मी अनाथ नाही, मला आईबाबा आहेत. चौकशीत दिसले की जवळपास सगळ्यांनाच आईबाप होते. बरीचशी मुले राजधानीच्या वरच्या डोंगरातल्या कालबास गावची. पालकांनी स्वतःच्या हाताने त्यांना बसमध्ये चढवले होते, कारण शाळा मिळेल, खेळायला मैदान आणि पोहायला तलाव मिळेल, तुम्ही येऊन भेटू शकाल, असे त्यांना सांगितले होते. अपहरणाचा आरोप शेवटी टिकला नाही. गटाच्या प्रमुख बाई बेकायदा प्रवास घडवल्याबद्दल मे महिन्यात दोषी ठरल्या आणि भोगलेली कैद हीच शिक्षा धरून सुटल्या. मुले घरी गेली.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त काय बोचते, सांगू? त्या दहा जणांत बहुतेक कोणी बदमाश नव्हते. संडे स्कूलमध्ये शिकवणारी, पदरचे पैसे खर्चून आलेली माणसे. अगदी आपल्यासारखी. आपणही जाताना प्रार्थना करू, गळ्यात ओळखपत्रे घालू आणि बसमध्ये गाणी म्हणू.

जिथे पैसा वाट पाहत उभा असतो तिथे मुले येऊन पोचतात. हे वाक्य कठोर वाटेल, म्हणून कंबोडियाचे सांगते. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली अनाथालये पाऊणपटीने वाढली. त्या काळात तिथे युद्ध नव्हते, साथ नव्हती, आईबाप जास्त मरू लागले असेही नव्हते. वाढले होते ते परदेशी पाहुणे. युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत आढळले की अनाथालयांतल्या चारपैकी तीनहून अधिक मुलांची आई किंवा बाप हयात आहे. नेपाळात हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यातून दलाल मुले आणायचे. काठमांडूत बोर्डिंग शाळेत घालतो म्हणून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे, आणि इकडे ते मूल अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे उभे करायचे. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हाही गुलामीचाच प्रकार मानला. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अशा तस्करीचा निषेध झाला आणि अनाथालयांतल्या हौशी स्वयंसेवेने मुलांचे नुकसान होते याची नोंद झाली.

जिंजाजवळचे आपले अनाथालय असेच आहे, असे मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मुलांना भेटून आलेले सगळे एक गोष्ट न चुकता सांगतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या त्या चर्चच्या बाईंनीही साक्षीत सांगितली: गाडीतून उतरल्याबरोबर मुले धावत आली आणि गळ्यातच पडली, किती प्रेमळ मुले! बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या पोटात मात्र गोळा आला. मी बरीच वर्षे मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. आई असलेले तीन वर्षांचे मूल अनोळखी माणूस पाहिला की आईच्या पदरामागे जाते. आधी डोके बाहेर काढते, मग हळूच एक पाय. दिसेल त्याच्या गळ्यात पडणारे मूल प्रेमळ नसते, ते उपाशी असते. रुमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ बाळांचा २००० नंतर वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना पालकत्व घेणाऱ्या कुटुंबांत ठेवले, निम्मी संस्थेच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. घरात गेलेल्यांची बुद्धी, बोलणे, माणसांवर विसंबणे सगळेच सुधारले; दोन वर्षांच्या आत गेली त्यांचे सर्वांत जास्त. संस्थेत वाढलेल्या मुलांत ही अनोळखी माणसाला बिलगण्याची सवय ठळक दिसली. तिला डॉक्टर लक्षण म्हणतात. आपण तिचा फोटो काढून फेसबुकवर टाकतो.

आणि मग दहाव्या दिवशी आपण निघतो. पुढच्या आठवड्यात दुसरा गट, दुसरे निळे टी-शर्ट, दुसऱ्या गिटारी. एका उन्हाळ्यात त्या मुलाला किती मावश्या आणि किती ताई सोडून जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आपली मुले परत येताना विमानतळावर रडतात आणि त्याला आपण आशीर्वाद म्हणतो. ती मुले रडत नाहीत, हे कोणाच्या लक्षात येते का?

जिंजाचे नाव ऐकून मला आणखी एक गोष्ट आठवली. त्याच भागात व्हर्जिनियातून आलेल्या एका तरुण मिशनरी मुलीने २००९ साली कुपोषित मुलांसाठी संस्था काढली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. संस्थेत अत्यवस्थ मुले दाखल होऊ लागली, आणि पाच वर्षांत ९४० पैकी १०५ दगावली. २०१९ मध्ये दोन आयांनी दावा लावला. आपण कधी डॉक्टर म्हणवून घेतले नाही, असे त्या मुलीचे म्हणणे होते. २०२० मध्ये दोष कबूल न करता तडजोड झाली आणि आयांना प्रत्येकी दहा हजार डॉलरच्या आत रक्कम मिळाली. तिथे नेमके काय घडले त्याचा न्याय मी करणार नाही. नर्स म्हणून एवढे मात्र सांगते की वाळून गेलेल्या मुलाला चटकन सलाइन लावायचे नसते, भराभर खाऊ घालायचे नसते. त्याचे हृदय ते पेलत नाही. आमच्याकडे हे शिकवायला अनुभवी सिस्टर असत आणि चुकले की हातावर बसे. चांगल्या मनाने केलेली चूकसुद्धा मुलाच्या हृदयाला तेवढीच भारी पडते. आपल्या बारा मुलांपैकी किती जणांना त्यांच्या स्वतःच्या गावातल्या पाळणाघरात पोलीस पडताळणीशिवाय आत घेतील? मग तिथे का घेतात?

शुभवर्तमानाबद्दल बोलायलाच हवे, कारण ट्रिपच्या नावातच ते आहे. युगांडात दर दहांपैकी आठांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. १८८५ ते १८८७ या काळात तिथल्या तरुण ख्रिस्ती मुलांनी विश्वासासाठी आगीत जीव दिला. त्यांच्या स्मरणार्थ नामुगोंगो इथे दर ३ जूनला लाखो लोक पायी जातात. त्यांना बायबल सांगायला आपण सोळा वर्षांची मुले पाठवणार, ज्यांना आपली रविवारची मराठी उपासना कंटाळवाणी वाटते! रागावू नका, पण हसू येते. तिथल्या मंडळीनेच इथे येऊन आपल्याला दोन गोष्टी सांगाव्यात. एड्सने ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथली घरेच्या घरे रिकामी केली, तेव्हा नातवंडांना मोठे केले ते आज्यांनी. त्या आज्यांचे फोटो कोणत्याही पत्रकावर नसतात.

दुसरे असे की मी विश्वासणारी बाई आहे. प्रभूचे नाव सांगण्यात मला कमीपणा नाही. पण ज्याच्या ताटात आपण वाढतो, ज्याचे अंथरूण आपल्या हातात आहे, अशा पोरापुढे श्रद्धेचा प्रश्न ठेवू नये. त्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला प्रभूपुढे काय किंमत? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात विधवा मुलींना ख्रिस्ती करतात, या आरोपावरून १८९३ साली पुण्यात केवढे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात रमाबाईंना दोष देणाऱ्यांना मी दोष देते, पण त्या बाईंचीच दुसरी एक गोष्ट कमिटीने लक्षात घ्यावी. इंग्लंडात वाँटेजच्या मठात असताना रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता, सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या. तरी रमाबाईंच्या छोट्या मुलीला, मनोरमेला, कोणती धर्मशिकवण द्यायची यावरून दोघींत खडाजंगी पत्रव्यवहार झाला, आणि ते आई म्हणून मी ठरवीन, ही जागा रमाबाईंनी सोडली नाही. देणारे प्रेमाचे होते, उपकार करणारे होते, ख्रिस्ती होते. तरीही आई ती आई. रमाबाईंना हे कळत होते, कारण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावून त्या स्वतः पोरक्या झाल्या होत्या. १८९७ मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळी मुली आणून त्यांनी केडगावला वसवल्या, तेही दहा दिवसांसाठी नव्हे. त्या मुलींत त्या मरेपर्यंत राहिल्या.

कमिटीने पत्रकाच्या वर याकोबाच्या पत्रातले वचन छापले आहे. पण अर्धेच छापले आहे. पूर्ण वचनात अनाथ आणि विधवा दोघांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यायला सांगितले आहे. विधवा छापताना गळाली. बायबलात जिथे जिथे अनाथ येतो तिथे बहुधा शेजारीच विधवा उभी असते, कारण ती त्याची आई असते. समाचार घ्यायचा म्हणजे त्यांच्या दारात जाऊन विचारपूस करायची. (हल्ली समाचार घेणे म्हणजे झापणे. तेही मी आज थोडेफार करते आहे, माफ करा.) मुलाला उचलून दुसरीकडे नेण्याचा त्यात शब्दही नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला चौथा अध्याय काढा. एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. नवरा मेला आहे आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला टपला आहे. अलीशाने काय केले? मुलांना सुरक्षित जागी हलवले नाही. तुझ्या घरात काय आहे, असे तिलाच विचारले. तेलाची एक कुपी होती. शेजारणींकडून भांडी मागून आण, दार लावून घे, ओत. मग तेल विकून कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले जगा. तू आणि तुझी मुले! मी हा उतारा पन्नास वर्षे चमत्कार म्हणून ऐकला. आता वाटते की चमत्कार तेलाचा होता, पण शहाणपण त्या पहिल्या प्रश्नात होते. आणि निर्गमाच्या पुस्तकात तर फारोच्या कन्येने नदीतले मूल, म्हणजे मोशे, पगार देऊन त्याच्या आईकडेच वाढवायला दिले. ती ख्रिस्तीही नव्हती, यहूदीही नव्हती.

मग आपण काहीच करायचे नाही का, असे तरुण संघातल्या एका मुलीने मला विचारले. गोड पोरगी आहे, तिला झिडकारायचे नाही. आपल्या महाराष्ट्रातलेच सांगते. २०२१ च्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होते: दोन मुली, आईबाप कोविडने गेले, कोणी दत्तक घेईल का, खाली मोबाइल नंबर. मलाही इथे तीन जणांनी पाठवले, सगळे भले लोक. सरकारला सांगावे लागले की हे बेकायदा आहे, मुलांची माहिती बाल कल्याण समितीला द्या. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवली, आणि जी मुले एका पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे आहेत त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना होतीच, जिची रक्कम नंतर महिना २२५० रुपये झाली. रक्कम थोडी आहे, वेळेवर मिळत नाही, कागदपत्रांनी जीव नको होतो, हे सगळे मला नगरच्या भाचीकडून ऐकायला मिळते. पण दिशा पाहा. पैसा मुलाच्या घरी जातो आणि मूल घरी राहते.

ख्रिस्ती संस्थाही बदलत आहेत. मिशिगनची बेथनी ही जुनी ख्रिस्ती संस्था कित्येक दशके परदेशातली मुले अमेरिकेत दत्तक देत होती. ते काम बंद करून मुलांना त्यांच्याच देशातल्या कुटुंबांत ठेवण्यावर भर देऊ, असे तिने २०२० मध्ये जाहीर केले. रवांडाने अनाथालये टप्प्याटप्प्याने बंद करायचे २०१२ मध्येच ठरवले. युगांडानेही २०१६ मध्ये कायदा बदलला. आता परदेशी माणसाला मूल दत्तक घ्यायचे तर आधी वर्षभर तिथे राहावे लागते. त्यांनी आपल्यासारख्यांना पाहूनच हे केले असावे, असा मला दाट संशय आहे.

खरोखर कोणीच नसलेली मुले असतात. मी अशी मुले अंगावर वागवली आहेत. पोलिसांनी आणलेली, नाळ न पडलेली. अपंग म्हणून टाकलेली. त्यांना जागा हवीच आणि ती जागा चालवणाऱ्यांचे पाय धुवावेत असे मला वाटते. पण अशा जागेला पाहुणे नको असतात. तिथे तीच आयाबाई, तीच सिस्टर रोज हवी असते, आणि तिचा पगार वेळेवर झाला पाहिजे.

तर माझे मागणे. ट्रिपचे पैसे भरायची शेवटची तारीख १५ एप्रिल आहे. त्याआधी त्या अनाथालयाला पत्र लिहून विचारा: अठरांपैकी किती मुलांची आई किंवा बाप हयात आहे, ते शेवटचे कधी भेटले, मूल इथे कोणाच्या सहीने आले, युगांडा सरकारचा परवाना आहे का, आणि घरी परत गेलेले शेवटचे मूल कोणते. उत्तर द्यायला ते कचरले तर आपल्याला उत्तर मिळालेच. उत्तर चांगले आले तर ३५,००० डॉलरमधून त्या अठरांच्या घरांना काय लागेल ते त्यांनाच विचारा: घराचे छप्पर असेल, शाळेची फी असेल, एखाद्या आजीची औषधे असतील, शिलाई मशीन असेल. आपल्या मुलांना सेवा करायचीच असेल तर याच गावात दोन मैलांवर वृद्धाश्रम आहे, तिथे आपलीच दोन मराठी माणसे आहेत ज्यांच्याशी मराठीत बोलायला कोणी येत नाही. तिथे फोटो चांगले येत नाहीत हे मला माहीत आहे.

पत्रकावरचे फोटो तेवढे आजच काढून टाका. ती मुले कोणाची तरी आहेत.

शुक्रवारच्या मीटिंगला मी येते आहे. पणजीच्या रजिस्टरातल्या त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. बघायचा असेल त्याने मागावा. आणि समोशांचे म्हणाल तर मैदा, ओवा, वाटाणे सगळे आणून ठेवले आहे. तीनशे नव्हे, पाचशे करीन. फक्त चेक कोणाच्या नावाने फाडणार ते आधी सांगा, मग मी पीठ मळायला घेते.

आपली,
मंडळीतील एक निवृत्त सिस्टर